सात जानेवारीचा शुक्रवार

शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून लँग्रिश साहेब म्हणाले, "लिओनार्ड, आज उझैरचं प्रकरण घेऊ," आणि माझी बोटं लॅपटॉपवर होती तिथंच थांबली. खरं तर दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. गेले सात महिने मी दर शनिवारी अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या त्यांच्या व्हिलात येतोय. ते स्वतःचं आयुष्य सांगतात, मी टाइप करतो. आयुष्य म्हटल्यावर ते कधी ना कधी चार वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीपाशी येणारच, एवढं मलाही कळतं. पण माणूस किती मूर्ख असतो बघा. मी आपला मनात धरून बसलो होतो की लहानपण, शिकार, कुत्रे, निवडणुका, पार्लमेंटची नऊ वर्षं यांतच साहेबांचा वेळ संपेल, आणि येत्या गुरुवारी त्यांची मुलगी येऊन त्यांना विमानात बसवेल, की खलास. तिकडे इंग्लंडात तिनं त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात खोली घेतली होती. खिडकीतून सफरचंदाची झाडं दिसतात म्हणे. म्हणजे हा शेवटचा शनिवार होता, आणि माझ्या पायाशी जी कापडी पिशवी होती तिच्यात दोन हजार बावीस सालची एक डायरी होती. उझैरचं नाव निघालं नसतं तरी मी ती आज काढणारच होतो, असं मी घरून निघताना स्वतःला सांगितलं होतं. तसं मी मागच्या शनिवारीही सांगितलं होतं.

एडमंड लँग्रिश म्हणजे कोण, हे सांगायला मला वेळ लागत नाही, सत्तावीस वर्षं त्यांचा क्लार्क होतो मी. वय एक्क्याऐंशी. हेरफर्डशायरमधल्या एका खेड्यात त्यांचं जुनं दगडी घर, चौदा धुराडी, मागे सफरचंदांची बाग, पुढे कुरण. बाप जमीनदार, आजा जमीनदार. हे वकील झाले, मग खासदार. तीनदा निवडून आले, चौथ्यांदा तीनशे अकरा मतांनी पडले. त्या पराभवावर त्यांनी मला एकच वाक्य टाइप करायला लावलं होतं, 'मतदारांनी मला नऊ वर्षं सहन केलं, त्यांचे आभार.' पुढे छपराची दुरुस्ती झेपेना म्हणून घर विकलं, बायको गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर हा माणूस वकिली घेऊन अबू धाबीला आला. आम्ही वसईवाले पोटासाठी आलो, हे कशासाठी आले ते मला कधी नीट समजलं नाही. व्हिलाच्या मागच्या अंगणात त्यांनी कुंडीत सफरचंदाचं झाड लावलं होतं. ते जूनमध्ये करपायचं. नोव्हेंबरमध्ये ते दुसरं मागवायचे, तेही जूनमध्ये करपायचं. मी एकदा म्हटलं, सर, इथं बोर लावा, बोर छान होतं. ते म्हणाले, "बोर लावायला मी इथला असायला हवा, लिओनार्ड." मला राग आला होता. आम्हीही इथले नव्हतो, पण आमच्या बाल्कनीत अळू होतं, कढीपत्ता होता, आणि आम्ही त्याची कुणाला गोष्ट सांगत बसत नव्हतो.

त्यांचं लहानपण टाइप करताना एका शनिवारी जॅकची गोष्ट आली होती. जॅक त्यांच्या घोड्यांकडे बघायचा. साहेब आठ वर्षांचे असताना त्याच्याकडून कुरणाचं फाटक उघडं राहिलं आणि त्यांच्या आईची लाडकी घोडी रस्त्यावर जाऊन ट्रकखाली मेली. बापानं सगळ्या घरादारासमोर सांगितलं, फाटक मी उघडं ठेवलं. बायकोनं सहा महिने त्याच्याशी धड बोलणं ठेवलं नाही, तरी बाप बधला नाही. माझ्या नोकराची चूक ती माझी, हे त्या घरातलं वळण. "जॅक पुढे तीस वर्षं आमच्याकडे होता," साहेब म्हणाले होते, "आणि त्याच्या हातून एकदाही फाटक उघडं राहिलं नाही." ते खूश होते. मी टाइप करत होतो आणि माझ्या डोक्यात फक्त जॅक होता. तीस वर्षं त्या बाईच्या घोड्यावर खोगीर चढवून देताना हा माणूस तिच्या तोंडाकडे कसा बघत असेल? एकदा तरी त्याला वाटलं असेल का की जावं आणि सांगावं? साहेबांना मी ते विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं असतं, आणि त्या दिवसांत मला कुणी मान वर करून बघितलेलं नको असायचं.

उझैर हा मुसफ्फातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. बाराबंकीचा, वय एकेचाळीस, हळू बोलणारा. एक दिवस फोर्कलिफ्टवरचा माल घसरला आणि खाली उभा असलेला त्याचाच रूममेट मेला. ब्रेक लागत नव्हते. उझैरनं त्याची लेखी तक्रारही केली होती, पण ते तक्रारवहीचं पान खालच्या कोर्टात कुणी पुढे आणलंच नाही आणि त्याला हलगर्जीपणासाठी तीन वर्षांची कैद झाली. साहेबांनी केस फुकट घेतली. कोर्टात उभं राहायचं काम इथल्या स्थानिक वकिलाचं, साहेब मागून सगळं बांधून द्यायचे. त्यांनी तीन आठवडे धडपडून ते पान मिळवलं. मूळ पान. तुरुंगातून उझैरच्या सहीचं मुखत्यारपत्र आणलं, अपील तयार केलं, आणि पाच जानेवारीला, बुधवारी दुपारी, सगळा जुडगा माझ्या हातात दिला. मूळ कागद हातात देताना त्यांची एक पद्धत होती. क्लार्कच्या डायरीत ते स्वतः लिहायचे, काय दिलं, कधी दिलं, आणि खाली हिरव्या शाईत ई. एल. तशी त्यांनी माझ्या डायरीत नोंद केली. अपील कोर्टाच्या काउंटरवर द्यायची मुदत सात तारखेला संपत होती. सात तारीख शुक्रवार. आता हे गल्फमध्ये न राहिलेल्याला सांगायचं म्हणजे पंचाईत आहे. आमचा रविवार शुक्रवारी असायचा. तीस वर्षं शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा, शुक्रवारी मासळी, शुक्रवारी दुपारची झोप, आणि शेवटची पंधरा वर्षं रविवारी सकाळी डोळे चोळत ऑफिस. त्याच जानेवारीपासून सरकारनं शनिवार-रविवार सुट्टी केली होती, आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. मला माहीत नव्हतं का? होतं की. चर्चबाहेर आम्ही त्यावर तावातावानं बोललोही होतो. पण आमच्या फर्मनं महिनाभर जुनीच सुट्टी ठेवली होती, आणि ती डायरी छापली गेली होती बदल जाहीर व्हायच्या आधी, तिच्यात शुक्रवार-शनिवार लाल रंगात होते. मी लाल सात तारीख बघितली, मुदत सुट्टीच्या दिवशी संपतेय, म्हणजे पुढच्या कामाच्या दिवशी दिलं तरी चालतं, असं तीस वर्षांच्या सवयीनं धरलं, आणि नऊ तारखेच्या, रविवारच्या पानावर लिहून टाकलं, 'उझैर, काउंटर, सकाळी पहिलं काम.' माझ्या अक्षरात. डोक्याला माहीत असलेली गोष्ट हाताला माहीत नव्हती, एवढंच झालं. त्या शुक्रवारी आम्ही मास्क लावून मिस्सेला गेलो, मग वसईच्या पाच-सहा कुटुंबांनी पार्कात मटणाचे डबे उघडले. साडेअकराला मी गवतावर आडवा झालो होतो. काउंटर बारापर्यंत उघडं होतं.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिथं पोचलो तर पार्किंग रिकामं. मला वाटलं, बरं झालं, जागा मिळाली. काचेचा दरवाजा ढकलला, तो ढकलला गेला नाही. आत हमीद नावाचा पेशावरचा वॉचमन होता, माझ्या ओळखीचा. तो आला, त्यानं दरवाजा फटीएवढा उघडला आणि हसून म्हणाला, "लियोनार्ड भाई, आज तो छुट्टी है. अब इतवार की छुट्टी, भूल गए?" मी म्हटलं, "और जुम्मा?" तो म्हणाला, "जुम्मे को खुला था, बारा बजे तक. कोई आया ही नहीं, सब भूल गए." मी तिथल्या पायरीवर बसलो आणि जुडग्याचा दोरा सोडून तक्रारवहीचं ते पान बघत बसलो. तेलाच्या बोटांचे डाग होते त्याच्यावर. हमीदनं आपल्या थर्मासमधला चहा दिला. तो मी प्यायलो, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

ऑफिसात साहेब वाट बघत होते. "दिलंस?" मी म्हटलं, मुदत गेली सर. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पण मी तुला कागद बुधवारी दिले होते." आता बघा, तिथं एक 'हो' पुरेसं होतं. मी काय विचार केला असेल? काही नाही. माझ्या मुलीचं, जेनेलचं कॉलेजचं दुसरं वर्ष, सगळ्या घराचा व्हिसा माझ्या नोकरीवर, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी फक्त तोंडातून निघालं, "नाही सर, दिले नव्हते. आज सकाळी मीच काढले. तुमच्या ड्रॉवरमध्ये होते." ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता डायरी मागतील. आणि ते ड्रॉवरकडे बघायला लागले. रिकाम्या ड्रॉवरमध्ये हात घालून त्यांनी तो मागेपर्यंत फिरवला, जसं काही बुधवार तिथं सापडणार होता. मग हळूच म्हणाले, "मला अगदी स्पष्ट आठवतंय, मी तुझ्या डायरीत लिहिलं." मी म्हटलं, "ते दुसऱ्या केसचं असेल, सर." "असेल," ते म्हणाले. त्यांचं सत्त्याहत्तरावं वर्ष चालू होतं आणि त्या वयात माणसाला 'असेल' म्हणायला फार ढकलावं लागत नाही. त्याच आठवड्यात सुधारलेल्या सुट्ट्यांच्या नव्या डायऱ्या आल्या, जुन्या टाकून द्या असा निरोप आला. मी माझी घरी आणली, कपाटात, बॅगेच्या तळाशी.

कोर्टानं उशीर काही माफ केला नाही, उशीर म्हणजे उशीर. साहेबांनी फर्मला पत्र लिहिलं की चूक सर्वस्वी माझी, माझ्या स्मरणशक्तीवर आता मला विसंबता येत नाही, आणि राजीनामा दिला. ते पत्र मीच टाइप केलं. त्यानंतर त्यांचं काय झालं ते मी जवळून पाहिलंय. आधी गाडी चालवणं सोडलं. मग डॉक्टर, स्कॅन, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, तर यांना वाटलं की डॉक्टर सभ्यपणानं लपवतोय. स्वयंपाकघरातल्या कपाटांवर चिठ्ठ्या आल्या. गॅस बंद केला का बघायला जिन्यावरून चारदा परत यायचे. बुद्धीवर उभा असलेला माणूस, त्याला मी एका वाक्यात त्याच्याच डोक्याचा भरवसा नाही असा करून टाकला. आणि आता खरोखरच विसरायला लागलेत. परवा मला दोनदा जेनेलचं वय विचारलं. हे वयानं झालं की माझ्यामुळे झालं, हे मला कोण सांगणार? उझैरनं पूर्ण तीन वर्षं काढली. दुसऱ्या वर्षी त्याची आई गेली. सुटल्यावर त्याला परत पाठवला, आणि दर ईदला त्याचा मला फोन येतो. "भाईजान, आपने और बड़े साहब ने बहुत कोशिश की. अल्लाह आपको सलामत रखे." मी म्हणतो, इन्शाल्ला, इन्शाल्ला, आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसतो.

फादरांना मी कन्फेशनमध्ये सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वी. ते म्हणाले, देवानं माफ केलं, पण त्यांचं जे घेतलंस ते त्यांना नेऊन दे. मी म्हटलं, हो फादर. एखादी वस्तू असती तर दिली असती नेऊन. आज सकाळी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमधून निघताना माझ्या बायकोनं, इसाबेलनं साहेबांसाठी नानकटाईचा डबा दिला आणि म्हणाली, "शेवटचा शनिवार ना? त्यांना म्हणावं, आमच्या आठवणीत राहतील. देवमाणूस आहे हो तो." तिला काहीच माहीत नाही. जेनेल सोफ्यावर फोन बघत होती. तिनं मान वर केली. "डॅड, यू लुक लाइक समवन डाइड." मी म्हटलं, "झोप नाही झाली." ती म्हणाली, "देन डोन्ट गो, ना. ही वोन्ट माइंड." मी डब्याखालची डायरी चाचपली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"तयार?" साहेबांनी विचारलं. मी मान हलवली. ते खिडकीबाहेर त्या करपलेल्या झाडाकडे बघत सांगायला लागले. नवं प्रकरण. 'माझ्या वकिलीतली एकमेव लाज मी या पुस्तकातून वगळणार नाही. एका निरपराध माणसानं माझ्या विसरभोळेपणामुळे तीन वर्षं तुरुंगात काढली.' मी टाइप केलं. 'मूळ कागद माझ्या ड्रॉवरमध्ये चार दिवस पडून होते आणि मी अशा समजात होतो की—' मी थांबलो. ते माझ्याकडे वळले. आणि मी बोललो. फार सोपं होतं ते, चार वर्षं ज्याला डोंगर समजलो ते चार वाक्यांत संपलं. "सर, ते कागद ड्रॉवरमध्ये नव्हते. तुम्ही मला बुधवारीच दिले होते. मी शुक्रवारी सुट्टी धरली. मी खोटं बोललो, आणि उझैर तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे आत राहिला." माझा आवाज कापत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला, लाज वाटते सांगायला, हलकं वाटायला लागलं होतं.

साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरलं. मी घाबरून बघत होतो. तो राग नव्हता. "हे बोलायचं किती दिवस ठरवत होतास?" त्यांनी विचारलं. "चार वर्षं, सर." "चार वर्षं," ते म्हणाले, आणि त्यांनी आपला हात माझ्या मनगटावर ठेवला. सत्तावीस वर्षांत हस्तांदोलनापलीकडे या माणसानं मला कधी हात लावला नव्हता. "आणि मी गुरुवारी जाणार म्हणून आज बोललास. मला मोकळा करून पाठवायचं होतं तुला." मी म्हटलं, "नाही सर, हे खरं आहे." ते हसले. "जॅकचं प्रकरण तूच टाइप केलंस. मालकानं नोकराचं ओझं उचललं, आणि तू आता ते उलटं करायला बघतोयस. माझ्या वडिलांना तू आवडला असतास." "सर, ऐका तरी. बुधवारी, दुपारी—" "लिओनार्ड, साठ वर्षं मी साक्षीदार बघत आलोय. चांगला माणूस खोटं बोलतो तेव्हा तो रडतो. तुझ्या विसरण्यानं एकतरी चूक या सत्तावीस वर्षांत झालीय का?" आणि मग त्यांच्यातला जुना वकील जागा झाला, डोळे बारीक करून, जवळजवळ थट्टेनं त्यांनी विचारलं, "बरं, पुरावा काय तुझ्याकडे?"

पिशवी माझ्या डाव्या पायाला टेकलेली होती. वर नानकटाईचा डबा, खाली डायरी, पाच जानेवारीच्या पानावर त्यांच्याच हातची नोंद, हिरवी शाई, ई. एल. नुसतं वाकायचं होतं. डबा बाजूला करायचा, हात घालायचा, पान उघडून त्यांच्यापुढे ठेवायचं. त्यांना त्यांचा बुधवार परत मिळाला असता. त्यांना कळलं असतं की चार वर्षं कपाटांवर लावलेल्या त्या चिठ्ठ्यांची गरज नव्हती, तेव्हा तरी नव्हती. आणि त्याच वेळी त्यांना माझ्याकडे बघावं लागलं असतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. असं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं, बापानं नाही, इसाबेलनं नाही. दया आली म्हणून मी थांबलो असं मी म्हणू शकतो, इतक्या आनंदात असलेल्या म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं, असंही म्हणू शकतो, आणि ऐकणाऱ्याला ते पटेलही. पण मला ते डोळे हवे होते, तसेच, माझ्यावर, आणखी थोडा वेळ. एवढंच होतं ते. "काही नाही, सर," मी म्हटलं.

"नसणारच," ते म्हणाले, आणि त्यांनी मनगटावरचा हात थोपटून काढून घेतला. "लिही. हे राहायला हवं पुस्तकात." मग सरळ बसून, पार्लमेंटात बोलत असावेत तसे ठासून, एकेक शब्द सुटा करून त्यांनी सांगितलं, आणि मी टाइप केलं. 'मी देश सोडण्याच्या आठवड्यात माझ्या क्लार्कनं ही चूक स्वतःच्या अंगावर घेण्याचा प्रयत्न केला. तो खोटं बोलत होता. माझ्या उभ्या आयुष्यात, या देशात आणि त्या देशात, मला इतका प्रामाणिक माणूस भेटला नाही.' बाहेर माळी झाडांना पाणी घालत होता, पाइपचा आवाज येत होता. "वाच," साहेब म्हणाले. मी वाचलं. माझा आवाज आता अजिबात कापत नव्हता. "काही चुकलंय का त्यात? चुकलं असेल तर सांग हं. माझा आता भरवसा नाही."

मी पायानं पिशवी थोडी टेबलाखाली सरकवली. "नाही सर. बरोबर आहे."

"नुसतं 'माझा क्लार्क' नको," ते म्हणाले. "नाव घाल. पूर्ण नाव, आडनावासकट. लोकांना कळू दे."

मी कर्सर मागे नेला आणि माझं नाव टाइप केलं. लिओनार्ड तुस्कानो. मग त्यांनी पुढचं वाक्य सांगायला सुरुवात केली.